पाळणा का घसरला

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या एका डाळ मिलमध्ये माल वर-खाली नेणारा पाळणा दुसऱ्या मजल्यावर थांबला, आणि थांबलेला पाळणा आपोआप खाली निघाला. बटण कोणी दाबलं नव्हतं, दोर तुटला नव्हता, मोटार बंद होती. तळाशी हमालांचे मुकादम ग्यानोबा सांडलेली तूर पायानं बाजूला सारत होते. पोत्यांनी भरलेला पाळणा त्यांच्या उजव्या पावलावर येऊन बसला. त्याच दुपारी दवाखान्यात त्यांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

नांदेडला सौदामिनीला ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळली. ती वर्कशॉपात नुकती चहा घेऊन बसली होती. तो चहा तसाच राहिला, कारण त्या पाळण्याचा ब्रेक नवा लायनर बसवून तिच्याच वर्कशॉपातून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लातूरला गेला होता.

"मॅडम, या अन् तुमच्या डोळ्यानं बघा," मिलचे मालक संगमेश्वर अप्पा फोनवर एवढंच म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

विजेचे ब्रेक आणि क्लच दुरुस्त करणारं हे वर्कशॉप तिच्या वडिलांनी, माधवरावांनी, पॉलिटेक्निकची मास्तरकी सुटल्यावर काढलं. आता ते खुर्चीत बसून पेपर वाचत आणि काम सगळं सौदामिनी बघे. ब्रेक का धरत नाही, क्लच का घसरतो, हे विचारायला भोकरपासून उदगीरपर्यंतची माणसं तिच्याकडे येत. दुसऱ्याची चूक हुडकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता. तो तोरा आज सकाळी चहाबरोबरच गार झाला.

पाळण्याचा ब्रेक उलट्या डोक्याचा असतो. वीज आली की आतला चुंबक एका लोखंडी पाटाला ओढून घेतो आणि ब्रेक सुटतो, वीज गेली की धरतो. आतल्या स्प्रिंगा त्या पाटाला रेटतात आणि लायनर, म्हणजे घासून धरणारा थर, लावलेली चकती चिमटीत सापडते. चकती सापडली की पाळणा जागचा हलत नाही. पण नवा लायनर लगेच पुरता धरत नाही. नव्या वहाणेसारखा त्यालाही आधी वापरून जागेवर बसवावा लागतो. ब्रेक फिरवायचा, धरायचा, पुन्हा फिरवायचा. सौदामिनी हे काम नेहमी मन लावून करी. या वेळी अप्पांचे फोनवर फोन आले होते. "मॅडम, उद्या खंडेनवमी. पूजेला पाळणा काय बोडका ठेवू का?" मग तिनं ते काम अर्ध्यातच आटोपलं आणि ब्रेक गाडीत घातला.

"मीच पाय कापला त्यांचा, बाबा," ती म्हणाली.

माधवरावांनी पेपर खाली ठेवला. "असेलही. पण जाऊन बघ आणि मग म्हण. न बघता स्वतःला दोषी धरणं हीसुद्धा कामचुकारीच."

तिनं हत्यारांची पिशवी भरली. त्याच लॉटमधली, जराही न घासलेली एक कोरी चकती बरोबर घेतली. जेवणाच्या डब्याची कडी तुटलेली होती, म्हणून हल्ली ती खणातलं एक काळं, रुंद, एका जागी चिरलेलं रबर त्याला दुहेरी गुंडाळत असे. तसंच गुंडाळून तिनं डबा पिशवीत टाकला आणि लातूरची एसटी धरली.

२

मिलच्या आवारात सगळं बंद होतं. पाळण्याच्या तळाशी कोणीतरी पाणी मारून फरशी धुतली होती, आणि ती धुतलेली जागा आजूबाजूच्या धुळीत उठून दिसत होती. सौदामिनीला तिकडे बघवेना.

अप्पा ऑफिसच्या पायरीवर उभे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळे तांबारलेले. शेजारी तुरीच्या पोत्यावर पाळणा चालवणारा दयानंद खाली मान घालून बसला होता.

"ह्यानं बारा पोत्यांच्या जागी पंधरा टाकली," अप्पा म्हणाले. "संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला येणारेत. मी हेच सांगणार. खरं तेच सांगणार न्हवं?"

"टाकलो, ताई," दयानंद मान वर न करता म्हणाला. "लवकर उरकंल म्हणून टाकलो. ग्यानबामामानीच मला इथं कामाला लावलं, अन् मीच त्यांचा पाय खाल्लो. मला जेलात घाला, माझं काई म्हणणं न्हाई."

"लाइट तर कमी-जास्त नसंल झाली?" अप्पांनी विचारलं. त्यांनाही दयानंदला अडकवायचा हुरूप नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"नाही अप्पा. लाइट कमी पडली तर हा ब्रेक सुटणारच नाही. घसरण्याचा आणि लाइटचा संबंध नाही. धरतात त्या स्प्रिंगा." सौदामिनीनं पिशवी खांद्यावर घेतली. "हवालदार येईपर्यंत मला वेळ द्या. दोष माझ्या लायनरचा निघाला तर मीच तसं सांगेन."

दयानंदनं पहिल्यांदा वर पाहिलं.

ब्रेक तिसऱ्या मजल्यावर, गिअरबॉक्सच्या बाजूला होता. तिथं मिलचा फिटर भागवत तिची वाट बघत होता. मशिनीवर झेंडूचे हार सुकून लोंबत होते आणि मोटारीपासून गिअरबॉक्सपर्यंत प्रत्येक लोखंडावर अप्पांच्या घरच्या रीतीप्रमाणे विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढलेले होते. भागवत पन्नाशीचा, बोलायला भडभड्या माणूस. आज त्याच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागत होता.

"ब्रेक तुम्हीच चढवलात ना?"

"हाव."

"चुंबक आणि पाटामधला गॅप कशानं मापलात?"

भागवतनं खिशातून लोखंड कापायच्या एक्सॉ ब्लेडचा मोडका तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला, चोरीचा माल परत करावा तसा. "फिलर गेज हरवलंय, ताई. अप्पांना मागायला लाजलो. ह्या पत्तीनं सेट केलो. तवापासून माझ्या डोळ्यासमोर हीच पत्ती हाय. गॅप जास्त पडला की स्प्रिंगा ढिल्या पडत्यात, हे काय मला ठावं न्हाई?"

म्हणजे इथं प्रत्येकानं आपापला गुन्हा आधीच कबूल करून ठेवला होता. चोर सापडत नाही तेव्हा तपास अवघड असतो असं म्हणतात. इथं मात्र जो भेटेल तो चोर होता, आणि तपास करणारीही त्यातलीच.

सौदामिनीनं आपलं गेज गॅपमध्ये चारी बाजूंनी सरकवलं. माप अगदी बरोबर होतं. "तुमची पत्ती बरोबर आहे, भागवत. तुम्ही यातून सुटलात."

भागवतनं पत्ती परत घेऊन खिशात टाकली. मग त्याची जीभ सैल सुटली. "मला तर गिअरबॉक्सचा संशय हुता. हा दर दसऱ्याला गळतो बघा. वर्षभर कोरडा ठणठणीत, अन् नवमीची पूजा झाली की खाली तेलाचा ओघळ. दरसाल पुसायचं काम माझं. लोक म्हणतेत मशीनला घाम फुटतो. यंदा मातर एक थेंब गळला न्हाई."

ती त्याच्या बोलण्यावर हसली नाही आणि थांबलीही नाही. तिचं सगळं चित्त ब्रेकच्या बोल्टांत होतं. शेवटचा बोल्ट निघाला आणि चकती तिच्या हातात आली.

लायनर करकरीत कोरडा असायला हवा होता. तो तुपात बुडवून काढल्यासारखा चकाकत होता.

३

लायनरला तेल लागलं की ब्रेकचा जोर जातो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण तेल सापडलं म्हणून लगेच आपल्याला सोडून देण्याइतकी सौदामिनी स्वतःशी लबाड नव्हती. तेल आधी आलं की घसरण आधी झाली? अर्धवट बसवलेला लायनर आणि पंधरा पोती, ही दोन कारणं अजून जिवंत होती. त्यातलं एक तिचं होतं आणि एक दयानंदचं.

"भागवत, ही कोरी चकती चढवा," ती म्हणाली. "आतली बाजू पुसून घ्या. दयानंद, पाळण्यात पंधरा पोती घाला. तशीच, मोजून."

"पुन्हा पंधरा?" दयानंदचा चेहरा उतरला.

"ही चकती एकदासुद्धा घासलेली नाही. मी पाठवली ती निदान अर्धी तरी बसवलेली होती. ही जर पंधरा पोती धरून राहिली, तर माझं अर्धं काम आणि तुझी तीन पोती, दोन्ही सुटली. घसरली, तर आपण दोघं हवालदारासमोर शेजारी शेजारी उभे राहू."

तळाशी दोरी बांधली. एकही माणूस पाळण्याखाली राहणार नाही याची तिनं दोनदा खात्री केली. पाळणा कुरकुरत दुसऱ्या मजल्यावर गेला. दयानंदनं बटण सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

पाळणा थांबला. सगळे बघत राहिले. अप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. पाळणा हलला नाही. भागवतनं वरून ओरडून सांगितलं की चकती तसूभरही फिरली नाही, तरी सौदामिनीनं त्याला बराच वेळ तसाच टांगून ठेवला.

दयानंद पोत्यावर बसून हुंदके देऊ लागला. आपण नव्हतो, हे शब्द सौदामिनीच्या मनात दोनदा येऊन गेले. तिला त्याची लाजही वाटली, कारण तिकडे एका माणसाचा पाय गेलेलाच होता.

मग ती तेलाकडे वळली. गिअरबॉक्सचं तेल काळपट असतं आणि त्याला उग्र वास येतो. शिवाय तिथलं सील कोरडं होतं. मिलमध्ये तुरीला लावायच्या तेलाची टाकी खालच्या मजल्यावर होती. खालचं तेल वर चढत नाही. तरी तिनं बोट बुडवून पाहिलं. ते सोयाबीनचं होतं, बिनवासाचं. लायनरवरच्या तेलाला मात्र वास होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. लहानपणी मुदखेडला मावशीच्या घरी ठेच्यावर घालायचं ते घाण्याचं करडीचं तेल.

आणखी एक गोष्ट होती. चकतीच्या कडेला तांबूस रेघ बसली होती. भागवत म्हणाला, गंज असंल. तिनं ती रुमालावर घासली. गंज खरखरीत असतो. हे मऊ होतं आणि केशरी उमटलं.

शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर.

ती तो रुमाल हातात धरून मशिनीभोवती फिरली. सगळीकडे विभूती होती, कुंकू होतं, झेंडू होता. शेंदराचं बोट मात्र कुठेच नव्हतं. अप्पांच्या घरात मशिनीला शेंदूर लावत नाहीत. म्हणजे ब्रेकवर तेल-शेंदूर वाहणारा हात दुसऱ्याच घरातला होता.

४

"नवमीला वर कोण कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"समदेच," भागवत म्हणाला. "हमालांची घरची माणसं जेवायला येतेत त्या दिवशी. बाया-लेकरं वर-खाली हिंडतेत. कोणाकोणाचं नाव सांगू?"

अप्पांना मात्र जोर चढला. कोणीतरी मुद्दाम केलं, डूख धरून केलं, असं त्यांचं सुरू झालं. सौदामिनीनं त्यांना थांबवलं. डूख धरणारा माणूस तेलात शेंदूर कालवत बसत नाही.

ती दवाखान्यात गेली. पुरावा शोधायला नव्हे, ज्यांचा पाय गेला त्यांना तोंड दाखवायला. ते काम ती सकाळपासून टाळत होती.

ग्यानोबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. चादर डाव्या बाजूला पावलापर्यंत उंच होती आणि उजव्या बाजूला मध्येच सपाट होत होती. शेजारच्या खाटेवरच्या रोग्यासोबतची एक बाई त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. त्यांची बायको साखराबाई दाराजवळ जमिनीवर बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन.

"ह्या घरच्या न्हवं का?" पाणी पाजणारी बाई कुजबुजली. "कालपासून तिथंच बसल्यात. नवऱ्याला हात लावीनात. मीच पाजून राहिले."

सौदामिनी साखराबाईंच्या समोर जमिनीवरच बसली. आपण कोण ते सांगितलं. साखराबाईंनी नमस्काराला हात बाहेर काढले आणि लगेच पुन्हा पदराखाली नेले. तेवढ्यात सौदामिनीनं पाहिलं. नखांच्या कडांत केशरी रेघा बसलेल्या होत्या.

"मावशी, नवमीला पाळण्याच्या मशीनला तेल तुम्ही वाहिलंत?"

"दरसाल वाहते," साखराबाई म्हणाल्या. लपवायचं काही असेल असं त्यांच्या गावीही नव्हतं. "मागं एकदा दोर तुटला तवा ह्ये दोन हात अंतरावर हुते. वाचले. तवाच बोलले, दर नवमीला मारुतीसारखं तेल-शेंदूर घालीन तुला, माझ्या धन्याला राख. चाकूरच्या घाण्याचं तेल आणते, इकतचं न्हाई. त्या गोल डब्यावर वाहते, जो धरतो म्हणतेत त्याच्यावर."

"आणि यंदा?"

"यंदाबी वाहिलं. ताई, दरसाल तेल सगळं खाली ओघळतं. भागवत कावतो. यंदा एक थेंब खाली आला न्हाई. समदं आत गेलं. मी हात जोडले. म्हटलं, यंदा देवानं गोड मानून घेतलं. लई आनंदानं घरी गेले मी. अन् तिसऱ्या दिशी हे. काय चुकलं माझ्या हातचं, ते कळंना. ह्यांना शिवायचं भ्या वाटतं."

त्यांनी सौदामिनीच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. त्यावर केशरी डाग होता. बराच वेळ पाहिलं.

"माझ्या तेलानंच झालं का, ताई?"

५

"संध्याकाळी येऊन सांगते," एवढं म्हणून सौदामिनी तिथून जवळजवळ पळाली.

मिलमध्ये अप्पांनी सगळं ऐकलं आणि कपाळावरून हात फिरवला. "मग मिटलं की, मॅडम. देवाच्या तेलाला कोण काय म्हणणार? ना दयानंदचं चुकलं, ना भागवतचं, ना तुमचं. म्हातारीला कोणी जेलात घालत न्हाई. बाईमाणूस, भोळेपणानं झालं."

सगळं जुळत होतं. लायनर, तेल, वास, शेंदूर, नखं. कोणी हरकत घेतली नसती. पाळण्याखाली आता फक्त एकच माणूस उरलं होतं, आणि ते दवाखान्याच्या दाराशी हात झाकून बसलं होतं.

दुपार टळून गेली होती. सौदामिनी पायरीवर बसली आणि तिनं पिशवीतून डबा काढला. भूक नव्हती, पण हाताला काहीतरी हवं होतं. तिनं डब्याचं रबर काढून मनगटात अडकवलं, पोळीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात राहिला.

दरसाल तेल ओघळतं, यंदा नाही.

दोन माणसांनी तिला तीच गोष्ट सांगितली होती. भागवतनं तक्रार म्हणून आणि साखराबाईंनी देवाची कृपा म्हणून. गिअरबॉक्सला दर दसऱ्याला घाम फुटत नव्हता, तो ओघळ साखराबाईंच्या तेलाचा होता. म्हणजे इतकी वर्षं तेच तेल, त्याच डब्यावर, त्याच हातानं पडत आलं आणि ब्रेकला कधी काही झालं नाही. तेल बाहेरून वाहून जमिनीवर जात होतं. मग यंदा ते आत कुठून शिरलं? इतकी वर्षं त्याला आत येऊ न देणारं काहीतरी तिथं होतं, आणि आता नव्हतं.

ती डबा उघडाच टाकून जिना चढली. ब्रेकसमोर उकिडवी बसली. चुंबक आणि पाटाच्या त्या फटीच्या दोन्ही कडांना बारीक खाचा होत्या, गोल फिरलेल्या, रिकाम्या. मघाशी हीच फट तिनं गेज घालून चारी बाजूंनी मापली होती आणि तिला खाचा दिसल्या नव्हत्या. आपण स्वतः काढून ठेवलेल्या वस्तूची रिकामी जागा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही.

"भागवत, इथं पूर्वी काही होतं?"

"रबर हुतं की. काळं, पट्ट्यासारखं, वरून घट्ट बसलेलं. तुमच्याकडून आलं ते बिनरबराचंच आलं. मला वाटलं, आता नव्या तऱ्हेत रबर बसवत नसतील. तुम्ही पाठवलं म्हटल्यावर मी कशाला इचारू?"

तिनं वडिलांना फोन लावला. "बाबा, लातूरच्या ब्रेकचं धूळ-रबर होतं ना?"

पलीकडून माधवराव म्हणाले, "चिरलं होतं ते. तू म्हणालीस, पुण्याहून नवं मागवू आणि मागून पाठवू, आता गाडी उभी आहे. जुनं तू टेबलाच्या खणात टाकलंस." मग सावकाश म्हणाले, "सौदा, तुझा डबा कशानं बांधतेस हल्ली?"

तिनं फोन खाली घेतला. मनगटातलं रबर काढून तिनं ब्रेकवर चढवलं. दोन्ही कडा खाचांत जाऊन अशा बसल्या की जणू ते तिथून कधी निघालंच नव्हतं. चीर होती तिथं केसभर फट राहिली, एवढंच. चिरलेलं का होईना, ते जागेवर असतं तर करडीचं तेल दरवर्षीसारखं खाली ओघळलं असतं. भागवतनं कावत पुसलं असतं. ग्यानोबा आज दोन पायांवर उभे असते.

सकाळी तिनं स्वतःला पकडलं होतं ते भलत्याच गुन्ह्यासाठी. लायनर अर्धवट राहिला याची तिला टोचणी होती, कारण ते काम मोठं होतं. रबर बसवायचं राहिलं याची टोचणी नव्हती, कारण ते डबा बांधायच्या लायकीचं वाटलं होतं.

६

अप्पांना तिनं ब्रेकसमोर उभं करून सगळं दाखवलं. अप्पा रबराकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "हे कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं, अप्पा."

"घाई मीच केलो. पूजेला पाळणा पाहिजे म्हणून फोनवर फोन मीच लावलो."

"केलीत. पण तुम्हाला रबर माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि पाळणा सध्या चालवू नका, नवं रबर बसल्यावर मी सांगेन. हवालदारांना दवाखान्यात पाठवा. जबाब तिथंच देते, साखराबाईंच्या समोर."

हवालदार आले तेव्हा ऊन उतरलं होतं. साखराबाई तशाच दाराजवळ होत्या. ग्यानोबा जागे होते. सौदामिनी पुन्हा जमिनीवर बसली आणि रबर साखराबाईंच्या पुढ्यात ठेवलं. तिनं सगळं अगदी साधं करून सांगितलं.

"मावशी, तुम्ही तेल वाहायचात ते या रबरावरून खाली जायचं. आत जायचं नाही. यंदा हे रबर मी काढून ठेवलं आणि परत बसवलं नाही. म्हणून तेल आत गेलं. देवानं घेतलं नाही, आणि तुमच्या हातचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं. हवालदारसाहेब, हेच लिहून घ्या."

साखराबाईंनी पदराखालून हात काढले. रबर उचलून उलटसुलट करून पाहिलं, ताणून पाहिलं.

"एवढंसं?"

"हो. एवढंसंच."

"अन् मी माझ्या हाताला बोल लावून राहिले," साखराबाई म्हणाल्या. रबर त्यांनी हवालदाराच्या हातात दिलं. मग सौदामिनीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "काल रातभर माझ्या डोळ्याला डोळा न्हाई, ताई. आता तुमच्या लागायचा न्हाई." तो शाप नव्हता. ज्या वाटेनं आपण आलो ती वाट त्या पुढच्या माणसाला सांगत होत्या.

खाटेवरून ग्यानोबांचा आवाज आला, घोगरा आणि बारीक. "ते रबर बसवा म्हणावं लवकर. माझ्या जागी खाली आता दयानंद उभा राहील."

सौदामिनी सकाळपासून रडली नव्हती. ते ऐकल्यावर तिला थांबवता आलं नाही. कोणी तिची समजूत काढली नाही, आणि तिला ते बरोबर वाटलं. क्षमा मागायचं तिनं मनात योजलं होतं, पण मागितली असती तर त्या दोघांना आणखी एक काम लावल्यासारखं झालं असतं. ती उठली.

साखराबाईही उठल्या. शेजारच्या बाईच्या हातातला पेला त्यांनी घेतला, खाटेपाशी गेल्या, आणि नवऱ्याच्या मानेखाली आपला हात घालून त्याला पाणी पाजू लागल्या. नखांत शेंदूर तसाच होता.

परतीच्या एसटीत सौदामिनीनं डबा मांडीवर घेतला होता. त्याला बांधायला आता काही नव्हतं. चाकूरच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि झाकण उडून सीटखाली गेलं. तिनं वाकून ते शोधलं, पुसलं, डब्यावर ठेवलं. मग नांदेड येईपर्यंत तिनं ते हातानंच दाबून धरलं.